ब्रिटिश वर्तमानपत्रात हिंदूंविषयी चुकीचं छापून आलं, तर तक्रार कशी करावी

२०२२च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात हिंदू-मुस्लिम तणाव उफाळला. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक विषय ठाण मांडून बसलाय : "इथली वर्तमानपत्रं हिंदूंच्या विरोधात लिहितात." मधूनच एखादं कात्रण फिरतं, सगळे संतापतात, कुणीतरी "याची तक्रार झालीच पाहिजे" म्हणतं आणि पुढे काही होत नाही. तक्रार कुठे करायची, ती ऐकतं कोण, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते पहिल्याच पत्रात इतकं काही लिहितात, की वाचणाऱ्याला नेमकी तक्रार काय आहे तेच कळत नाही.

आमच्या मंडळातर्फे मी ही प्रक्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत केली आहे. एका स्थानिक साप्ताहिकाने लेस्टरच्या घटनांवरच्या बातमीत आमच्या गणपती विसर्जनाचा फोटो छापला होता. ढोल-ताशा पथक, भगवा झेंडा, नऊवारीतल्या बायका, आणि खाली ओळ अशी की वाचणाऱ्याला हाच तो लेस्टरचा जमाव वाटावा. आम्ही राहतो ते गाव लेस्टरपासून कितीतरी लांब. आमचं म्हणणं मान्य झालं, फोटो निघाला, दुरुस्ती छापून आली. तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक आपापल्या तक्रारींचे मसुदे माझ्याकडे पाठवतात. ते वाचताना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, तेच इथे लिहिते आहे.

१. आधी चूक शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओच्या बातम्यांवर निष्पक्ष राहण्याचं बंधन आहे. वर्तमानपत्रांवर ते नाही. एखाद्या दैनिकाने उघडपणे एका पक्षाची, एका विचाराची, एका देशाच्या धोरणाविरुद्धची बाजू घेतली तरी त्यात नियमभंग होत नाही. त्यामुळे "तुमचं वर्तमानपत्र पक्षपाती आहे" हे वाक्य कितीही खरं असलं, तरी त्यावर कोणी कारवाई करू शकत नाही. कारवाई होते ती चुकीच्या वाक्यावर, दिशाभूल करणाऱ्या मथळ्यावर किंवा भलत्याच फोटोवर. तुमची तक्रार अशा एका ठिकाणी बोट ठेवू शकली पाहिजे.

बातमी छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. प्रत्येक खटकणाऱ्या वाक्यापुढे लिहा : ही घटना आहे, हे मत आहे, की दुसऱ्या कुणाचं तरी म्हणणं आहे? लेस्टरचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळे प्रकार सापडतात.

२८ ऑगस्ट २०२२ला दुबईत आशिया चषकात भारताने पाकिस्तानला हरवलं. त्या रात्री लेस्टरमध्ये रस्त्यावर वादावादी झाली आणि पुढचे काही आठवडे ती धुमसत राहिली. १७ सप्टेंबरला तोंडं झाकलेल्या तरुणांचा एक गट 'जय श्रीराम'च्या घोषणा देत ग्रीन लेन रोडच्या भागातून गेला. त्यानंतर दोन्हीकडचे लोक रस्त्यावर आले. बेलग्रेव्ह रोडवरच्या एका देवळाबाहेरचा झेंडा खाली खेचला गेला. या सगळ्या काळात समाजमाध्यमांवर अफवांचा पूर होता. हिंदू तरुणांनी एका मुस्लिम मुलीच्या अपहरणाचा प्रयत्न केला, अशी एक पोस्ट प्रचंड फिरली. असं काही घडलंच नसल्याचं पोलिसांनी तपासानंतर जाहीर केलं. मशिदीवर हल्ला झाल्याची बातमीही खोटी असल्याचं पोलिसांनीच सांगितलं.

आता यातली वाक्यं वेगळी करून पाहा.

अपहरणाचा प्रयत्न 'झाला' असं कुणी पोलिसांच्या खुलाशानंतरही छापलं, तर ती सरळ तथ्याची चूक आहे. तक्रार होते. अमुक संघटनेने मोर्चा काढला, असं नाव घेऊन छापलं आणि पुरावा दिला नाही, तर तीही तक्रार होते. माझ्या मते सगळ्यात भक्कम तक्रार हीच, कारण काळजी घेतल्याचं दाखवण्याची जबाबदारी तिथे वर्तमानपत्रावर येते.

मोर्चातल्या लोकांनी तोंडं झाकली होती आणि घोषणा दिल्या, हे छापलं तर तक्रार होत नाही. ते घडलं होतं. आपल्याला ते वाचायला आवडत नाही, एवढंच.

"भारतातलं राजकारण आता लेस्टरच्या रस्त्यांवर आलं आहे" असं स्तंभलेखकाने लिहिलं, तर ते मत झालं. त्याला उत्तर म्हणून संपादकांना पत्र पाठवा, लेख लिहून पाठवा. तक्रार मात्र चालणार नाही. तेच वाक्य बातमीत, लेखकाचं मत आहे हे कळणार नाही अशा रीतीने आलं असेल, तर थोडी जागा आहे. मत, तर्क आणि तथ्य वेगळं ओळखू आलं पाहिजे, असं वर्तमानपत्रांची नियमावली सांगते (तिच्याविषयी तिसऱ्या पायरीत).

आणि "त्यांनी देवळाबाहेरच्या झेंड्याची बातमी का दिली नाही?" हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. काय छापायचं हे ठरवण्याचा हक्क संपादकाचा. गाळलेल्या गोष्टीमुळे छापलेल्या गोष्टीचा अर्थच उलटा होत असेल, तरच तो मुद्दा बनतो. उदाहरणार्थ, दोन्ही बाजूंच्या लोकांना अटक झालेली असताना एकाच बाजूच्या अटका मोजून 'एकूण अटक' असं लिहिलं, तर ती दिशाभूल.

एक गोष्ट मला खटकते, ती इथेच सांगते. १९ सप्टेंबरला भारतीय उच्चायुक्तालयाने लेस्टरमधल्या भारतीय समाजावरच्या हिंसेचा निषेध करणारं निवेदन काढलं. पाकिस्तानी उच्चायुक्तालयाने मुस्लिमांच्या बाजूने निवेदन काढलं. त्याच दिवसांत त्याच वर्तमानपत्रांबद्दल मुस्लिम संघटनांचीही तक्रार होती की ते आम्हालाच दोषी धरतात. त्यामुळे "सगळी माध्यमं आपल्याच विरोधात आहेत" या गृहीतकावर तक्रार उभी करू नका. समोरचा माणूस लगेच उलटी उदाहरणं काढतो.

२. हे वर्तमानपत्र कोणाला उत्तर देतं, ते पाहा

सगळी वर्तमानपत्रं एकाच दरबारात बसत नाहीत.

बहुतेक मोठी दैनिकं 'इंडिपेंडंट प्रेस स्टँडर्ड्‌स ऑर्गनायझेशन' म्हणजे 'इप्सो'ची सभासद आहेत : द टाइम्स, द सन, डेली मेल, डेली टेलिग्राफ, डेली मिरर, आणि लेस्टर मर्क्युरीसारखी बहुतांश स्थानिक वर्तमानपत्रंही. वार्ताहरांनी लोकांचे फोनवरचे खाजगी निरोप चोरून ऐकल्याच्या 'फोन हॅकिंग' प्रकरणानंतर जुनी प्रेस कम्प्लेंट्स कमिशन गुंडाळली गेली आणि सप्टेंबर २०१४मध्ये इप्सो सुरू झाली. ती सरकारी नाही, वर्तमानपत्रांच्याच पैशांवर चालते. त्यावर टीका होते आणि ती अगदी निराधार नाही. पण फुकट आहे, वकील लागत नाही, आणि निकाल जाहीर होतो.

द गार्डियन इप्सोत नाही. तिथे 'रीडर्स एडिटर' नावाचं पद १९९७पासून आहे. तो माणूस संपादकाच्या हाताखाली नसतो आणि दुरुस्त्या तोच ठरवतो. त्यावर समाधान झालं नाही तर गार्डियनच्याच परीक्षण मंडळाकडे जाता येतं. फायनान्शियल टाइम्सही इप्सोबाहेर आहे, त्यांचा स्वतःचा तक्रार आयुक्त आहे. काही छोटी, विशेषतः ऑनलाइन आणि परिसरापुरती प्रकाशनं 'इम्प्रेस' या दुसऱ्या संस्थेकडे नोंदलेली असतात.

बीबीसीची बातमी असेल तर आधी बीबीसीकडेच तक्रार करायची, ३० कामकाजाच्या दिवसांच्या आत. तिथल्या पायऱ्या संपल्यावरच ऑफकॉम, म्हणजे टीव्ही-रेडिओची नियामक संस्था. निष्पक्षतेचा मुद्दा तिथे मांडता येतो, कारण ते बंधन बीबीसीवर आहे. वर्तमानपत्राच्या तक्रारीचा मजकूर बीबीसीला आणि बीबीसीचा वर्तमानपत्राला जसाच्या तसा पाठवू नका. नियम वेगळे आहेत.

कोण कुठे आहे हे कळायला सोपा उपाय : वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाच्या तळाशी 'तक्रारी' किंवा 'दुरुस्त्या' असा दुवा असतो. तिथे संस्थेचं नाव सापडतं.

३. योग्य कलम निवडा, आणि बाराव्या कलमाच्या मागे लागू नका

इप्सो 'एडिटर्स कोड' नावाच्या नियमावलीवर चालते. आपल्या कामाची कलमं मोजकीच.

कलम १ अचूकतेचं. चुकीची, दिशाभूल करणारी किंवा विपर्यस्त माहिती आणि चित्रं छापू नयेत याची काळजी घ्यायची. बातमीत आधार नसलेला मथळाही त्यातच येतो. मोठी चूक झाली तर ती लवकर आणि ठळकपणे दुरुस्त करायची. आमची तक्रार याच कलमाखाली होती : 'चित्रं' हा उल्लेख तिथे स्पष्टच आहे.

कलम १२ भेदभावाचं. वंश, वर्ण, धर्म, लिंग वगैरेंवरून पूर्वग्रहदूषित किंवा हिणवणारा उल्लेख नको. हे वाचून आपल्या लोकांचे डोळे चमकतात. दहातले नऊ मसुदे याच कलमाने सुरू होतात. आणि इथेच खड्डा आहे : हे कलम फक्त व्यक्तीला लागू होतं, समूहाला नाही. 'हिंदू', 'मुस्लिम', 'स्थलांतरित' यांच्याबद्दल कितीही वाईट लिहिलं, तरी एखाद्या विशिष्ट माणसाचा उल्लेख नसेल तर कलम १२ चालत नाही. एप्रिल २०१५मध्ये द सनमध्ये केटी हॉपकिन्स या स्तंभलेखिकेने स्थलांतरितांची तुलना झुरळांशी केली. त्या लेखाविरुद्धच्या भेदभावाच्या तक्रारी याच कारणाने टिकल्या नाहीत. हा नियम मला पटत नाही, पण आहे तो असा आहे. इम्प्रेसच्या नियमावलीत समूहाविरुद्ध द्वेष भडकवण्याचा विचार आहे, म्हणून प्रकाशन कोणत्या संस्थेकडे आहे हे आधी पाहायला सांगितलं.

मग समूहाबद्दलच्या लिखाणाचं काय करायचं? कलम १कडे परत या. नोव्हेंबर २०१५मध्ये द सनने एका सर्वेक्षणाच्या आधारे मथळा दिला की दर पाच ब्रिटिश मुस्लिमांतल्या एकाला जिहादींबद्दल सहानुभूती आहे. प्रत्यक्षात सर्वेक्षणातल्या प्रश्नात जिहादी हा शब्दच नव्हता. सीरियात लढणाऱ्यांना जाऊन मिळण्यासाठी ब्रिटन सोडणाऱ्या तरुण मुस्लिमांबद्दल विचारलं होतं. पुढच्या मार्चमध्ये इप्सोने मथळा दिशाभूल करणारा ठरवला. तक्रारदारांनी "मुस्लिमांचा अपमान झाला" यावर भर दिला असता तर काही हाती लागलं नसतं. त्यांनी प्रश्नावली आणि मथळा शेजारी शेजारी ठेवले. ब्रिटनमधल्या मुस्लिम संघटना या पद्धतीत आपल्या पुष्कळ पुढे आहेत. एकेक बातमी, एकेक चूक, एकेक दुरुस्ती असं त्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने केलं आहे. आपण ते शिकायला हरकत नाही.

तुम्ही थेट बाधित नसाल तर? अचूकतेबद्दल तिऱ्हाईतही तक्रार करू शकतो, पण बातमी ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाची बाजू इप्सो लक्षात घेते. समाजाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या संस्थेलाही तक्रार करता येते, फक्त नियमभंग गंभीर असावा आणि त्यात सार्वजनिक हित मोठं असावं लागतं.

४. पुराव्यांची जमवाजमव

तक्रार लिहायच्या आधी हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा :

- बातमीचा पूर्ण स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ, वर दुवा आणि तारीख-वेळ दिसेल असा. फक्त मथळ्याचा नको.
- छापील अंक असेल तर पूर्ण पानाचा फोटो, पान क्रमांकासह.
- वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) साठवलेली त्या पानाची प्रत. बातमी नंतर बदलली तर हाच आधार.
- प्रत्येक चुकीसाठी एक स्वतंत्र पुरावा : पोलिसांचं निवेदन, कौन्सिलचं म्हणजे इथल्या नगरपालिकेचं पत्र, जनगणनेचा तक्ता, धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीतली नोंद.
- फोटोबद्दल तक्रार असेल तर मूळ फाइल, आणि ती जागा ओळखता येईल असा दुसरा फोटो.
- दुसऱ्या व्यक्तीच्या वतीने लिहीत असाल तर तिची लेखी संमती.

'पुरावा' म्हणून यूट्यूबवरचे व्हिडिओ आणि भारतातल्या वाहिन्यांच्या चर्चा जोडू नका. लेस्टरच्या वेळी अफवा पसरवण्यात दोन्ही देशांतल्या खात्यांचा हात होता आणि इथल्या संपादकांना ते चांगलं ठाऊक आहे.

आकडे मूळ ठिकाणाहून घ्या. २०२१च्या जनगणनेनुसार लेस्टरमध्ये २४.७ टक्के ख्रिश्चन, २३.५ टक्के मुस्लिम आणि १७.९ टक्के हिंदू आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये हिंदू साधारण १० लाख ३० हजार, म्हणजे १.७ टक्के. 'हिंदुबहुल लेस्टर' असं कुणी लिहिलं तर एवढ्या एका ओळीत दुरुस्ती होते.

लोकांच्या सरसकट वर्णनात फार चुका होतात. लेस्टरमधले जुने हिंदू बहुतांशी गुजराती, त्यातले बरेच पूर्व आफ्रिकेतून आलेले. १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून आशियाईंना हाकललं तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिथल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली होती की लेस्टरला येऊ नका. लोक आलेच. त्या पिढीतल्या आजी-आजोबांना इथल्या वर्तमानपत्रांविषयी काय वाटतं, हे समजून घ्यायला एवढं पुरे. नंतर आलेल्यांत दमण-दीवचे अनेक जण पोर्तुगीज पासपोर्टवर आले, कारण १९६१पर्यंत तो भाग गोव्यासारखाच पोर्तुगालकडे होता. स्विंडनमधले गोंयकारही याच वाटेने आले, आणि त्यांच्यात कॅथलिक पुष्कळ. 'नव्याने आलेले भारतीय' म्हणजे 'नव्याने आलेले हिंदू' असं समीकरण एखाद्या बातमीत दिसलं, तर हा फरक दाखवून द्या. मराठी माणूस म्हणून तुम्हाला तो इथल्या वार्ताहरापेक्षा नक्कीच जास्त कळतो.

५. पहिलं पत्र वर्तमानपत्राला

थेट इप्सोकडे गेलात तरी बहुधा ती तक्रार आधी वर्तमानपत्राकडेच धाडते. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात माणसं कमी आणि घाई जास्त. अनेक चुका द्वेषातून होतच नाहीत, उपसंपादकाने फोटोंच्या साठ्यात 'भगवा झेंडा' शोधला आणि पहिला आलेला लावला, इतकं साधं असतं. त्याला सुधारायची संधी दिली तर काम आठवड्यात होऊ शकतं.

पत्र अर्थात इंग्रजीत जाईल, पण सांगाडा असा ठेवा :

"आपल्या अमुक तारखेच्या अंकात पान अमुकवर आणि संकेतस्थळावर 'अमुक' या मथळ्याची बातमी आहे. सोबतच्या छायाचित्राखालच्या ओळीवरून ते लेस्टरमधल्या जमावाचं असल्याचा समज होतो. ते छायाचित्र लेस्टरमधलं नाही. ते आमच्या गणेश विसर्जन मिरवणुकीचं आहे. ठिकाण अमुक, तारीख अमुक. मिरवणुकीला कौन्सिलची परवानगी होती, प्रत जोडली आहे. मूळ छायाचित्रही जोडलं आहे. एडिटर्स कोडच्या कलम १नुसार हे दिशाभूल करणारं आहे. आमची विनंती : छायाचित्र काढावं, ऑनलाइन बातमीवर दुरुस्तीची नोंद द्यावी, आणि छापील अंकात दुरुस्ती प्रसिद्ध करावी. कृपया अमुक तारखेपर्यंत कळवावं."

एवढंच. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत याच्या आधी तीन परिच्छेद असतात : पाच हजार वर्षांची संस्कृती, वसुधैव कुटुंबकम्, ब्रिटिश राजवट, आपण इथे किती कर भरतो आणि किती डॉक्टर देतो. ते सगळं खोडा. संपादक ते वाचून म्हणतो, हे मतभेदाचं पत्र आहे, आणि 'वाचकांचा पत्रव्यवहार'मध्ये टाकून मोकळा होतो.

मागणी नेमकी लिहिणं फार गरजेचं आहे. "योग्य ती कारवाई करावी" ही सरकारी अर्जातली ओळ इथे कामाची नाही. माफी मागता येते, पण मिळेलच असं नाही. दुरुस्ती हा तुमचा हक्क आहे.

आणि गुपचूप केलेल्या बदलावर समाधान मानू नका. पत्र गेल्यावर काही ठिकाणी ऑनलाइन बातमी चटकन सुधारली जाते, पण 'आधी असं छापलं होतं, ते चुकीचं होतं' ही ओळ दिली जात नाही. ज्यांनी आधी वाचलं त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. दुरुस्तीची नोंद मागा, आणि ती बातमीच्या कोणत्या जागी असावी तेही लिहा.

६. इप्सोकडे

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर इप्सोच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरा. पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांची मुदत आहे. बातमी संकेतस्थळावर अजून असेल तर १२ महिन्यांपर्यंत विचार होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वर्तमानपत्राशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून अर्ज लांबवणं, हा नेहमीचा घोटाळा.

अर्जात कलम निवडायचं आणि प्रत्येक कलमाखाली कोणतं वाक्य का चुकीचं, हे लिहायचं. एका बातमीत चौदा चुका दाखवण्यापेक्षा तीन मोठ्या दाखवा. 'चार वाजता' ऐवजी 'पाच वाजता' छापलं, असल्या चुकांनी तक्रारीचं वजन घटतं, कारण कोडमध्ये बघितली जाते ती महत्त्वाची चूक.

इप्सोने प्राथमिक छाननीत तक्रार स्वीकारली की ती वर्तमानपत्राकडे जाते आणि आपसात मिटवायला साधारण २८ दिवस मिळतात. मिटलं नाही तर इप्सो दोन्हीकडून म्हणणं मागवते, मधे समेटाचा प्रयत्नही करते. शेवटी तक्रार समिती निकाल देते. नियमभंग सिद्ध झाला तर समिती दुरुस्ती किंवा पूर्ण निकाल छापायला लावते, आणि कुठे, किती ठळक, तेही ठरवते. नुकसानभरपाई मिळत नाही. १० लाख पौंडांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण ती वारंवार आणि गंभीरपणे नियम मोडणाऱ्यांसाठी. एका बातमीवर दंड होईल असं कुणी गटावर सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. निकालाची प्रक्रियाच सदोष होती असं वाटलं तर १४ दिवसांत फेरविचार मागता येतो.

चौकशी चालू असताना वर्तमानपत्राची उत्तरं गोपनीय ठेवायची असतात. ती उत्साहाने फेसबुकवर टाकू नका. तुमचं नावही निकालात प्रसिद्ध होतं. ते नको असेल तर सुरुवातीलाच कारण देऊन तसं सांगा.

७. आणखी काही सापळे

सह्यांची मोहीम. डिसेंबर २०२२मध्ये द सनमध्ये स्तंभलेखक जेरेमी क्लार्कसनने राजपुत्र हॅरीची पत्नी मेगन मार्कलवर लिहिलेल्या लेखाविरुद्ध २५,०००हून जास्त तक्रारी आल्या. इप्सोने पुढे नेल्या त्या दोन महिला संस्थांच्या, आणि त्यांवर जून २०२३मध्ये नियमभंगाचा निकाल दिला. संख्येने दबाव जरूर आला, पण निकाल लागला तो नीट मांडलेल्या तक्रारीवर, आणि तिथे हिणवलेली व्यक्ती एकच, ठळक होती. एकच मजकूर पाचशे जणांकडून पाठवण्यापेक्षा मंडळाने मिळून एक चांगला अर्ज करावा.

वार्ताहराला गाठणं. त्याचा धर्म, आडनाव, जुने ट्विट काढून गटावर टाकणं सरळ बंद करा. त्यात आपली माणसं अडचणीत येतात, आणि वार्ताहराला धमक्या आल्या की बातमीतली चूक बाजूला राहून तीच मोठी बातमी होते.

बदनामीचा दावा. वकिलाचा खर्च प्रचंड, मुदत १ वर्ष, आणि 'हिंदू समाज' म्हणून दावा चालत नाही. एखाद्या व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव घेऊन गंभीर आरोप छापला असेल तरच वकिलाशी बोला.

८. वर्तमानपत्र भारतातलं किंवा अमेरिकेतलं असेल तर

भारतात दैनिक आणि साप्ताहिकाविरुद्ध प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येतं. आधी संपादकाला लिहिल्याचा पुरावा लागतो. प्रसिद्धीपासून २ महिन्यांत अर्ज करायचा, मासिकं वगैरेंसाठी ४ महिने. हेच प्रकरण न्यायालयात प्रलंबित नाही असं प्रतिज्ञापन आणि मराठी कात्रणासोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं. १९७८च्या कायद्याने कौन्सिल समज देऊ शकते, ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. त्यापलीकडे दात नाहीत. जातीय-धार्मिक तेढ वाढवणाऱ्या लिखाणाबद्दल मात्र तिथे स्वतंत्र निकष आहेत, म्हणजे समूहाविषयीचा मुद्दा इथल्यापेक्षा सोपा जातो. टीव्ही वाहिन्या कौन्सिलच्या कक्षेत नाहीत.

अमेरिकेत अशी नियामक संस्थाच नाही. न्यूयॉर्क टाइम्सने वाचकांच्या वतीने पाहणाऱ्या 'पब्लिक एडिटर'चं पदही २०१७मध्ये रद्द केलं. दुरुस्ती विभागाला लिहा, पाचव्या पायरीतल्या सांगाड्यानेच.

९. दुरुस्ती छापून आल्यावर

काम इथे संपत नाही. तीच बातमी किंवा तोच फोटो त्याच कंपनीच्या इतर वर्तमानपत्रांत, बातम्या गोळा करणाऱ्या ॲपवर आणि परदेशी संकेतस्थळांवर गेलेला असतो. गूगलच्या चित्रशोधात तो फोटो टाकून पाहा आणि जिथे जिथे सापडेल तिथे दुरुस्तीचा दुवा जोडून दोन ओळींचं पत्र पाठवा. बहुतेक जण काढतात. आमचा फोटो एका ठिकाणी अजून आहे. त्यांना पत्र गेलं आहे.